चेंडूवरचा शेंदूर

काल आईनं कूलरच्या जाळ्यांत नवा खस भरला. मराठीत त्याला वाळा म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आमच्या घरात मराठी बोलतात, पण पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहून कितीतरी शब्द इथलेच होऊन गेलेत. पंप सुरू झाला, खसावरून पाणी ओघळलं आणि तो ओला, गार, मातकट वास दोन्ही खोल्यांत पसरला. आईनं डोळे मिटून श्वास घेतला. ‘‘आता कुठे जिवात जीव आला,’’ म्हणाली. मला मात्र त्याच वासानं घाम फुटला. तळहात ओले झाले.

मे महिना परत आलाय. न्याहारी आटोपते न आटोपते तोच लूचा भाजणारा वारा सुटतो, आणि मग दिवसभर दारं-खिडक्या लावून बसायचं. किल्ल्याखालचे खडक दिवसभर ऊन पितात आणि संध्याकाळी ते सगळं परत ओकतात. खंडेराव गेटच्या सावलीत उसाचा रसवाला आपला चरक ओल्या फडक्यानं झाकून पेंगत असतो. रस्त्यात माणूस नाही. गमछा तोंडाला गुंडाळलेला एखादा मुलगा सायकलवरून जाताना दिसला की तो परीक्षेलाच निघालाय हे ओळखावं. दुसरं कोण अशा उन्हात बाहेर पडेल?

उद्या माझीही परीक्षा आहे. प्रोजेक्टची प्रॅक्टिकल. मागच्या मे महिन्यात हीच झाली होती आणि तिच्यात मी नापास झालो होतो. बाकी सगळे पेपर सुटलेत. हा एवढा प्रोजेक्ट अडलाय, आणि उद्याही तो अडला तर माझं इंजिनियरिंग अर्धवटच राहणार. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे अर्धवट राहणं म्हणजे नेमकं काय हे घरात कुणाला विचारताही येत नाही. पुस्तक उघडून बसलो होतो, पण त्या वासानं मला उचलून मागच्या वर्षीच्या उन्हात नेऊन ठेवलं. मला नीट सांगता येईल की नाही ठाऊक नाही. लिहून बघतो.

*

आम्ही मारुतीच्या देवळामागे राहतो. देऊळ लहानसं आहे, गल्लीच्या वळणावर. आमचे कुणी पूर्वज पूजेसाठी महाराष्ट्रातून आले आणि इथेच राहिले. तेव्हापासून पूजा आमच्याकडे. बाबांची शाळा आठवीत सुटली, कारण आजोबा आजारी पडले आणि देवळात कुणीतरी उभं राहायला हवं होतं. ही गोष्ट बाबांनी मला तक्रारीच्या सुरात कधी सांगितली नाही. पण कॉलेजच्या पहिल्या दिवशी ते मला सोडायला आले तेव्हा फाटकाच्या आत काही आले नाहीत. चप्पल बाहेर काढावी की काय अशा विचारात घोटाळत उभे राहिले, आणि मग म्हणाले, ‘‘जा तू. मी इथून बघतो.’’

प्रोजेक्टमध्ये माझा जोडीदार होता शिवम. तो झाशीजवळच्या मोठ गावचा. त्याच्या वडलांची तिथल्या धान्यमंडीत आढत, म्हणजे अडतीचा धंदा, आहे. त्याच्याही घरात तो पहिलाच. कदाचित म्हणूनच आमचं जमलं. इतर मुलं सोपे विषय घेत होती, आम्ही घेतला फुटबॉल खेळणाऱ्या रोबोटांचा. सक्सेना सर आमचे गाईड. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘‘बना पाओगे?’’

शिवम म्हणाला, ‘‘सर, ऐसी किक मारेगा कि आप कुर्सी से उठ जाओगे।’’

रोबोट दोन होते, पोळ्यांच्या डब्याएवढे गोल, खाली चार चाकं. छताला टांगलेला कॅमेरा चेंडू कुठे आहे ते बघायचा, लॅपटॉप ते रोबोटला कळवायचा आणि रोबोट चेंडूकडे धावायचा. त्याच्या तोंडाशी एक रबरी रोलर उलटा फिरत असतो, तो चेंडूला स्वतःकडे ओढून धरतो. आणि रोलरच्या मागे दडलेली असते किक. तांब्याच्या तारेची कॉइल आणि तिच्या पोटात लोखंडी दांडा. कपॅसिटरमध्ये वीज साठवत जायची आणि एका क्षणात सगळी कॉइलमध्ये सोडून द्यायची. दांडा सटकन बाहेर येतो, चेंडूला लागतो, आत जातो. डोळ्याला काही दिसत नाही. वीज साठत असताना मात्र एक बारीक आवाज येतो, कानाशी डास आल्यासारखा, आणि तो चढत जातो. तो आवाज ऐकताना आम्ही दोघंही श्वास धरून बसायचो.

परीक्षेत दाखवायचं होतं ते इतकंच: एका रोबोटनं दुसऱ्याला पास द्यायचा आणि दुसऱ्यानं गोल मारायचा.

*

मैदान म्हणून हिरवा गालिचा हवा होता. तो गुप्ताजींच्या टेंट हाउसमधून मिळाला. लग्नाच्या मांडवात अंथरतात तसला, कडेला पुरीच्या तेलाचे डाग पडलेला, झेंडूच्या पाकळ्या आत चिकटून वाळलेल्या. गुप्ताजी भला माणूस. ‘‘बेटा, जिस दिन सहालग नहीं, उस दिन ले जाओ,’’ म्हणाले. सहालग म्हणजे लग्नसराई. म्हणजे ज्या दिवशी गावात लग्नाची तिथी नाही, त्या दिवशीच आमच्या रोबोटांना मैदान.

आता तिथी कधी आहे आणि कधी नाही, हे आमच्या घराहून चांगलं कुणाला ठाऊक असणार? बाबा पंचांग उघडून सांगायचे, ‘‘उद्या, परवा लग्नं आहेत. त्यानंतर रिकामं.’’ शिवमला याची फार गंमत वाटायची. देवळात येऊन, प्रसाद तोंडात टाकत तो बाबांना विचारायचा, ‘‘चाचाजी, अबकी किक का मुहूरत कब है?’’ बाबाही तितक्याच गंभीरपणे सांगायचे, ‘‘शुक्र अस्त हो रहा है, बेटा। पूरा हफ्ता तुम्हारा।’’

शुक्राच्या अस्तात लग्नं होत नाहीत म्हणून सारा देश हिरमुसतो, आम्ही दोघं तेवढे आनंदानं गालिचा खांद्यावर घेऊन उन्हातून निघालेलो. तो जड, तापलेला गालिचा मानेला टोचायचा. अजूनही कुठे लग्नाचा मांडव दिसला की माझं लक्ष आधी पायांखाली जातं.

चेंडू गोल्फचा लागतो. तो मिळवायला आम्ही छावणीत जायचो. तिथले रस्ते वेगळेच, शांत, कडेचे दगड पांढऱ्या नि गेरूच्या रंगांनी रंगवलेले, बंगल्यांच्या कुंपणांवरून गुलमोहर ओसंडलेला. गोल्फच्या मैदानाकडेच्या कोरड्या नाल्यात हरवलेले चेंडू सापडतात असं शिवमला कुणीतरी सांगितलं होतं. आम्ही वाकून शोधत असताना एका जवानानं हटकलं.

‘‘ओए! क्या ढूँढ रहे हो?’’

‘‘गेंद, भाई साहब।’’

‘‘किसकी?’’

मी घाबरून खरं ते सांगितलं. ‘‘रोबोट की।’’

त्यानं आमच्या उन्हानं लाल झालेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘‘धूप लग गई है तुमको। पानी पियो और घर जाओ।’’ त्यानंच बाटलीतलं पाणी दिलं, आणि आम्ही निघालो तेव्हा नाल्यातले तीन चेंडू बुटानं आमच्याकडे ढकलले.

चेंडू पांढरे होते. गालिच्यावर आखलेल्या रेघाही पांढऱ्या, त्यामुळे कॅमेऱ्याचा गोंधळ उडायचा. चेंडू नारंगी हवा. शिवमनं स्प्रे मारला, पण किक बसली की रंगाचे पापुद्रे उडायचे. दोन-चार वेळा रंगवून आम्ही कंटाळलो. तो टवके उडालेला चेंडू मी एकदा घरी पायरीवर ठेवला होता. बाबांनी तो उचलून बोटांत फिरवला.

‘‘याला रंग धरत नाही?’’

‘‘नाही ना.’’

‘‘आण इकडे.’’

दर शनिवारी बाबा मारुतीला शेंदूर चढवतात. तिळाच्या तेलात कालवून, अंगठ्यानं, सावकाश. हे काम ते कुणालाच देत नाहीत, मलासुद्धा नाही. त्या दिवशी त्यांनी त्याच वाटीत थोडं मेण वितळवलं आणि तिन्ही चेंडूंवर थर दिला, वाळवला, मऊ फडक्यानं पुसून वर आणखी एक थर दिला. मारुतीसमोरच्या पितळी तबकात तीन शेंदरी चेंडू. दर्शनाला आलेल्या एका बाईनं त्यांनाही नमस्कार करून वर फूल वाहिलं. बाबा हसले नाहीत. मला म्हणाले, ‘‘श्रीपाद, आता निघायचा नाही रंग. माझी हमी.’’

मला वाटतं, माझ्या चार वर्षांच्या शिक्षणात त्यांना हातात धरता आलेली ही पहिली गोष्ट होती.

आणि रंग खरंच निघाला नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर चेंडू निखाऱ्यासारखा उठून दिसला. शिवमनं तिथूनच देवळाच्या दिशेनं हात जोडले.

*

मग किक मरायला लागली.

ज्या किकनं चेंडू गालिच्याच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा, ती आता अर्ध्यावर दम टाकायची. चेंडू निघायचा, घरंगळायचा, आणि मधेच एखाद्या वाळक्या पाकळीशी थांबायचा. ‘‘पंडित, ये तो फुस्स हो गई,’’ शिवम पहिल्यांदा म्हणाला तेव्हा आम्ही हसलो होतो. आठवड्यानं हसणं बंद झालं.

कॉइल कमजोर पडली असणार असं आम्ही धरून चाललो. लॅब सर्वांत वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेली गच्ची. दुपारी दिवे जायचे, पंखा थांबायचा आणि आम्ही तार गुंडाळत बसायचो. घामानं तार हातातून निसटायची. एक थर वाढवला. पुन्हा फुस्स. आणखी एक थर, जाड तार, आणखी कपॅसिटर, आणखी वीज. एक कपॅसिटर फुटला, आणि कुजलेल्या मासळीसारखा वास लॅबमध्ये कितीतरी दिवस राहिला. शिवमच्या अंगठ्याला चटका बसला. तो भाजलेला अंगठा तोंडात धरून म्हणाला, ‘‘मोए तो लग रओ, हमई में दम नइयाँ।’’ आपल्यातच दम नाही. बुंदेलीत तो फक्त दुखल्यावरच बोलायचा.

दोन दिवस बरी चालायची, आम्हाला आशा वाटायची, आणि पुन्हा सगळं ढेपाळायचं. रोलर बदलला, बॅटरी बदलली, सगळा प्रोग्राम पहिल्यापासून लिहिला. मधल्या काळात शनिवार यायचे आणि बाबा विचारायचे, ‘‘चेंडू आणलेस का?’’ मी आणायचो. ते जुन्या थरावर नवा थर द्यायचे.

सक्सेना सर एकदा म्हणाले, ‘‘किक हटा दो यार। बिना किक के दिखा दो, कुछ तो नंबर मिलेंगे।’’ सर गेल्यावर शिवम म्हणाला, ‘‘फिर बचा क्या? डिब्बा घूम रहा है, बस।’’

त्या दिवसांत मला जेवण जायचं नाही. आई ताटाशी पन्हं ठेवायची, मी ते बघत बसायचो. ‘‘लल्ला, खा ना रे काही. असा कसा जळून चाललास?’’ आसपासची मुलं नोकऱ्यांच्या गोष्टी करायची. मी घरी येताना नळाखाली डोकं धरायचो, आणि ते पाणीही गरम असायचं. मला सारखं वाटायचं की बाकी सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे. ते त्यांना घरीच, लहानपणी, बोलता बोलता कुणीतरी सांगितलंय, आणि मला ते कधीच कळणार नाही. हे मी कुणाला बोललो नाही. बोलण्यासारखं त्यात होतं तरी काय?

एका संध्याकाळी बाबा देवळाची पायरी धूत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘‘एवढा जीव नको टाकूस रे. नाही जमलं तर मारुती आहेच की.’’

त्यांनी मायेनंच म्हटलं. मला देवळाची लाज वाटत नाही, हे मी शपथेवर सांगेन. तरी त्या क्षणी ती पायरी, ती घंटा, ती तेलाची वाटी सगळी माझ्यासाठी उभी राहिल्यासारखी दिसली. आठवीतून उठून आलेला एक मुलगा तिथेच कायमचा उभा आहे, आणि आता दुसरा येतोय. मी तसाच उलट्या पावली कॉलेजकडे चालत सुटलो. फाटकाला कुलूप होतं.

*

परीक्षेच्या आदल्या दुपारी शिवम म्हणाला, ‘‘चल, मरने से पहले एक रील तो बनती है।’’ तो गालिच्यावर पालथा पडला, मोबाइल जमिनीला टेकवला, आणि रोबोट चेंडू धरतो ते एकदम संथ गतीत टिपलं. मग ते बघताना त्याचं हसू मावळलं. मला त्यानं बोटानं जवळ बोलावलं.

पडद्यावर रोलर गरगर फिरत होता आणि चेंडू ढिम्म होता. फिरणारं रबर चेंडूवरून नुसतं घसरत होतं, त्याला धरतच नव्हतं. चेंडू आणि दांडा यांच्यात भाताचं एक शीत मावेल एवढी फट राहत होती. दांडा सुसाट यायचा, पण ती फट ओलांडेपर्यंत त्याचा जोर संपलेला असायचा.

मी रोलरला बोट लावलं. बोट शेंदरी झालं, आणि तेलकट.

शिवमनं माझ्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. ‘‘पंडित,’’ तो अगदी हळू म्हणाला, ‘‘हनुमानजी?’’ आणि हसायला लागला. पोट धरून हसला, आणि मग भिंतीला टेकून खाली बसला, डोळे मिटून. आठवडेच्या आठवडे आम्ही त्या किकमध्ये जोर भरत होतो, आणि जोर तर पहिल्या दिवसापासूनच होता.

चेंडू रॉकेलनं पुसले. बाबांनी हमी दिलेला तो रंग रॉकेलनंसुद्धा सहज निघेना. नखानं खरवडावा लागला. मी खरवडत होतो आणि शिवम खिडकीबाहेर बघत उभा होता. तो काही बोलला नाही, याचे उपकार मी अजून विसरलेलो नाही. मग पांढऱ्या झालेल्या चेंडूवर त्यानं वाढदिवसाचा नारंगी फुगा कापून, ताणून चढवला. रबराला रबर बसलं. रोलरनं चेंडू असा धरला की ओढूनही सुटेना.

किक मात्र आम्ही मारून पाहिली नाही. संध्याकाळचं लग्न होतं, गुप्ताजींचा माणूस रात्रीपुरता गालिचा न्यायला दारात उभा होता. कपॅसिटरही उरले होते तेवढेच, एखादा फुटला तर दुसरा नव्हता. उद्यासाठी वाचवून ठेवू म्हटलं. किक जोरात बसेल हे कळत होतं. पण इतके दिवस आम्ही तिचं मरतुकडेपणच पाहत आलो होतो, की तिची भीती वाटणं आमच्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले, ओला गमछा मानेवर टाकून. त्यांनी खुर्ची गालिच्याच्या कडेशी ओढली. पहिल्या रोबोटनं चेंडू धरला. समोर दुसरा रोबोट पासची वाट बघत उभा. तो बारीक आवाज सुरू झाला, चढला, आणखी चढला. शिवमनं बटण दाबलं.

चेंडू मला दिसलाच नाही. दिसला तो दुसरा रोबोट, उलटा पडलेला, एक चाक अजून फिरत असलेला, वरचं झाकण फुटून चौफेर उडालेलं. चेंडू तिथून उसळून परीक्षकांच्या कानाजवळून गेला आणि मागच्या लाकडी फळ्यावर खोक पाडून खाली आला.

परीक्षकांनी कान चाचपला. ‘‘बेटा,’’ ते म्हणाले, ‘‘ये फुटबॉल है कि कट्टा?’’

कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. आमच्या भागात हा शब्द पोराटोरांनाही ठाऊक असतो. सगळे हसले. मीही हसलो, कारण मला वाटलं की ते खूश झालेत. मग त्यांनी विचारलं, ‘‘अच्छा, अब पास कौन लेगा? गोल कौन मारेगा?’’ आम्ही फुटलेल्या रोबोटाकडे बघत राहिलो. सक्सेना सर मध्ये काही बोलायला गेले, तर परीक्षकांनी हात वर केला. ‘‘किसी की आँख चली जाती तो? अगले साल आना। और इसको काबू में करके लाना।’’

*

घरी येताना मी शब्द जुळवत होतो. बाबा पायरीवरच बसले होते. माझा चेहरा पाहून त्यांनी निकाल विचारला नाही.

‘‘चेंडू चालला का नीट?’’

‘‘चालला,’’ मी म्हणालो. ‘‘फारच जोरात गेला. दुसरा रोबोट फुटला. म्हणून नापास केलं.’’

ते अंगठा दुसऱ्या हाताच्या तळव्यावर घासत होते, ती त्यांची सवय आहे. मग म्हणाले, ‘‘मी जरा जास्तच चढवला का रे शेंदूर?’’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांना वाटत होतं की त्यांच्या शेंदरानं चेंडूत बळ भरलं. मारुतीचं बळ. आपण दर शनिवारी हात आवरता घेतला नाही, आणि पोराचं वर्ष गेलं.

रोलर, तेल, ती फट, सगळं माझ्या ओठांशी आलं होतं. शेंदरानं उलट जोर खाल्ला होता. आदल्या दिवशी आम्ही तो खरवडून काढला म्हणून तर चेंडू असा सुटला. पण यातलं काय सांगितलं असतं तर त्यांना कमी लागलं असतं? मी शेवटी एवढंच म्हणालो, ‘‘नाही बाबा. तुमच्यामुळे नाही.’’ त्यांनी मान हलवली, आणि मला दिसलं की त्यांना ते पटलेलं नाही. त्यानंतर त्यांनी कधीच चेंडू मागितला नाही. दर शनिवारी शेंदूर कालवताना मी समोर असलो की ते वाटी जरा बाजूला ओढून घेतात.

शिवम मोठला गेला. वर्षभर नुसतं एका प्रोजेक्टसाठी झाशीत राहणं त्याच्या घरच्यांना पटलं नाही, मंडीत हात हवे होते. ‘‘तू कर ले, पंडित। मेरा नाम काट दे,’’ असं फोनवर म्हणाला. मी म्हटलं, नुसता परीक्षेच्या दिवशी ये. म्हणाला, ‘‘मटर की आवक है।’’ मटाराचा हंगाम होता की नव्हता, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

हे वर्ष मी सकाळी देवळात बाबांना हात देत आणि दुपारी फुटलेला रोबोट दुरुस्त करत, त्या कॉइलचे थर उतरवत काढलं. गुंडाळताना दोघं होतो, उलगडताना एकटा. एकेक थर सुटताना तो कुठल्या दुपारी चढवला होता ते आठवायचं. शिवम कोणता शब्द बोलला होता, कोणाला चटका बसला होता. किक आता इतकी हलकी केली आहे की चेंडू नुसता चालत जातो. उद्या तेवढं पुरेल का, मला खरंच माहीत नाही. रात्र व्हायच्या आत रोबोट एकदा शेवटचा बघून घ्यायला हवा.

*

वरचं सगळं परीक्षेच्या आदल्या दिवशी लिहून मी वही मिटली होती.

आज पास झालो.

सांगण्यासारखं फार नाही. परीक्षक निराळे होते, घाईत होते. पहिल्या रोबोटनं चेंडू ढकलला, दुसऱ्यानं धरला, वळला, सोडला. चेंडू गालिच्यावरून सावकाश, अगदी सावकाश गेला. मधे एकदा थांबतोय असं वाटलं. मग तो रेघ ओलांडून गेला, जेमतेम. ‘‘ठीक है,’’ परीक्षक म्हणाले. ‘‘नेक्स्ट।’’ सक्सेना सरांनी जाता जाता पाठीवर हात ठेवला.

घरी फोन केला. देवळात आरती चालली होती, घंटेत बाबांना ऐकू येईना. ‘‘पास’’ हा शब्द मला तीनदा ओरडून सांगावा लागला. कळल्यावर त्यांनी पहिलं विचारलं ते हे: ‘‘कुणाला लागलं नाही ना?’’

‘‘नाही बाबा. कुणालाच नाही.’’

‘‘बरं झालं,’’ ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा काही कापला की मी फोन कानापासून दूर धरला. शेंदराबद्दल बोलायचं राहिलंय ते आता घरी गेल्यावर बोलेन. आज सांगितलं तर त्यांना सोसेल असं वाटतंय.

मग शिवमला लावला. मागे मंडीचा गलका होता, कुणीतरी खच्चून बोली पुकारत होतं.

‘‘निकल गया?’’ त्यानं विचारलं.

‘‘निकल गया।’’

‘‘कित्ती दूर गई?’’

‘‘गोल तक।’’

‘‘बस?’’

‘‘बस।’’

पलीकडे बोली चढत होती. तो मग म्हणाला, ‘‘परीक्षक चले गए?’’

‘‘हो,’’ मी मराठीतच म्हणालो.

‘‘तो एक बार पूरी भर के चला, यार। एक बार।’’

लॅब रिकामी होती. मी गालिच्याच्या टोकाला वाळूनं भरलेली गोणी उभी केली, रोबोटसमोर चेंडू ठेवला, मागे सरकलो. कपॅसिटर पूर्ण भरायला लावले. तो बारीक आवाज सुरू झाला. मी हात लांब करून मोबाइल रोबोटच्या दिशेनं धरला. आवाज चढत गेला, वर्षभर मी त्याला जिथे थांबवत होतो त्याच्याही वर. मोबाइलमधून आता शिवमचा श्वाससुद्धा येत नव्हता.

मी बटण दाबलं. गोणी फाटली आणि वाळूची धार गालिच्यावर पडायला लागली.

‘‘सुना?’’ मी विचारलं.

मंडीतला तो माणूस अजून बोली पुकारत होता. शिवम बुंदेलीत म्हणाला, ‘‘हओ।’’ आणि त्यानं फोन ठेवला.